रिकामा रकाना

पाच वाजता चिठ्ठीकाका निवृत्त होणार होते, आणि साडेतीनला दोन हमाल प्रोग्रामरचीच खुर्ची उचलून भांडारात नेत होते.

चिठ्ठीकाका म्हणजे कार्यालयाचे भांडारप्रमुख. चिठ्ठीवरचे नाव, खातं, कारण हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला साधी पेन्सिल दिली नव्हती. प्रोग्रामरला याचा भारी वैताग. कार्यालयाची कामं एकामागून एक आपोआप उरकणारी प्रणाली त्यानं लिहिली होती, आणि काम सुरू करण्याआधी माहिती तपासायचा भाग मुद्दाम गाळला होता. "मी काय चिठ्ठीकाका आहे?" असं वर म्हणालाही होता.

सकाळी काकांच्या निवृत्तीचं काम प्रणालीत त्यानंच सुरू केलं आणि घाईत नावाचा रकाना रिकामा सोडला. प्रणालीनं हूं की चूं केलं नाही. समोर बसलेल्याचंच नाव उचललं आणि ती कामाला लागली. बाराला त्याचं दाराचं कार्ड बंद पडलं, दोनला संगणक त्याला ओळखेना, तीनला साहेब हळव्या आवाजात म्हणाले, "एवढ्या लवकर निघालात? तब्येत ठीक आहे ना?"

"साहेब, चूक झालीये. थांबवायला हवं."

"मग थांबवा की."

पण थांबवायचा अधिकार एकट्या प्रोग्रामरला होता, आणि प्रोग्रामर बारा वाजल्यापासून निवृत्त होता.

तो भांडारात गेला. "काका, माझी खुर्ची द्या."

"चिठ्ठी."

त्यानं नाव लिहिलं, खातं लिहिलं. काकांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "कारण?"

"तुम्हाला माहितीये की."

"मला माहितीये. चिठ्ठीला माहीत नाही."

नाइलाजानं त्यानं लिहिलं, 'नाव न तपासता काम सुरू केलं.' काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे वर सभागृहात फुलं आलीयेत, ती तुझ्या नावाची?" ते हळूच म्हणाले. "मी बायकोला पाचला बोलावलंय रे. कधी नव्हे ते ऑफिस बघायला येतेय."

प्रोग्रामरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या निरोपाच्या फलकावरही त्याचंच नाव होतं. "काका, मोठा कागद आणि डिंक द्या," म्हणत त्यानं दुसरी चिठ्ठी ओढली.

काकांनी ती काढून घेतली आणि कागद, डिंक त्याच्या हातात कोंबले. "राहू दे चिठ्ठी. पळ."

निरोप झाला. काकांचं नाव फलकावर जरा तिरकं चिकटलं होतं, पण काकू त्या नावाकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रामर बंद कार्ड घेऊन दाराबाहेर ताटकळत उभा होता. तेवढ्यात डबा घेऊन काका आले. त्यांचं कार्ड लागलं. प्रणालीच्या लेखी ते अजून सेवेतच होते.

"आत यायचंय?" काकांनी दार अर्धंच उघडलं. "कारण?"

"साहेबांच्या संगणकावरून तुमची निवृत्ती सुरू करायचीये, काका. या वेळी सगळं तपासून."

काकांनी क्षणभर विचार केला आणि त्याला आत घेतलं.

"नीट तपास हं," ते म्हणाले. "चार-आठ दिवस लागले तरी चालतील."