नाना मास्तरांची बिनकण्याची मंडळी

समस्त श्रीवर्धनकर आणि समुद्रस्नानाला आलेले परगावचे पाहुणे यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कोळंबी हा मासा नाही. हुकूम सरकारचा नाही. आमच्या शेजारच्या नाना मास्तरांचा आहे, म्हणजे जास्त कडक.

नाना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. बाजारात कोळणीला फर्मावतात, "मासा म्हणतेस ना? मग पाठीचा कणा दाखव!"

ती म्हणते, "मास्तर, मासा न्हाय तर काय चिमनी हाय? घ्यायची तर घ्या, न्हायतर सरका!"

माणसांचीही त्यांनी वर्गवारी केली आहे. नगराध्यक्ष ऑक्टोपस: "हृदयं तीन, मतदारासाठी एकही नाही." मला स्पंजात घातलंय. तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, तरी एका जागी बसून मजेत जगतो. मी म्हटलं, "नाना, मला पोट आहे." म्हणाले, "म्हणूनच तपासणी चालू आहे."

या जिभेपायी त्यांच्या वैशालीचं लग्न अडलं होतं. आईवेगळी पोर, नानांनीच वाढवलेली. पहिल्या स्थळाच्या मामांनी चौथ्यांदा श्रीखंड मागितलं आणि नाना आनंदाने ओरडले, "तारामासा! तोही पोट बाहेर काढून घासावर पसरतो!" स्थळ हात न धुताच उठलं.

तळा गावचा मुलगा मात्र वैशालीला मनापासून आवडला होता. पाहुणे यायच्या आधी तिने बापाला बजावलं, "नाना, आज एकही प्राणी काढायचा नाही." चिमटा काढायला मला त्यांच्या शेजारी बसवलं.

चहा घेताना मुलगा अदबीने म्हणाला, "तुमच्याकडे कोळंबी मासा छान मिळतो म्हणे."

नानांच्या मानेची शीर फुगली. ते तांब्याभर पाणी प्यायले. गप्प राहिले! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मुलाची आई म्हणाली, "आईबिगर वाढलेली, लाडाची आसंल. आमच्याकडं येऊन रडत बसली तर?"

मी चिमटा काढला. उपयोग झाला नाही.

"बाई," नाना हळू आवाजात म्हणाले, "चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, सांगाडा अंगाबाहेर असतो. वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. नवं घट्ट होईस्तोवर ती इतकी मऊ असते की कोणीही यावं, दुखवावं. म्हणून कपारीत गप्प बसते. आमची पोर हे घर टाकून येणार. थोडे दिवस तिला कोणी टोचू नका. रडली, तर रडू द्या."

दारात वैशाली पोह्यांच्या बशा घेऊन थिजली. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. नानांकडे वळली आणि एकदम बोलून गेली, "पोरगी आमची झाली, मास्तर. पन ती आल्यावर तुमी कुठल्या कपारीत बसनार?"