याकोबमामांचे कान

बिघडलेली मोटार दारात आली की याकोबमामा तिचे झाकण उघडण्याआधी भिंतीवरून मला हाक मारत. "सूनबाई, हातातलं ठेवा आन् या. गाडी ऐकायची हाय."

मी पदर सावरून आमच्या परसातल्या कमरेएवढ्या भिंतीपाशी उभी राहायची. पलीकडे त्यांच्या अंगणात गाडी धडधडत असायची. मालक घड्याळ बघत असायचा. आणि मामा गाडीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "कसा येतो आवाज?"

"सुपात ज्वारी पाखडल्यासारखा," मी म्हणायची.

"मंग टॅपेट ढिले झाले. अजून काय?"

"मधेच एखादी शेंग फुटल्यासारखं होतं."

"एक प्लग मेलाय." मग ते मालकाकडे वळत. "जा साहेब, चार वाजता या."

मालक मंडळींना आवाज सांगता येत नाही, असे त्यांचे मत होते. "ते म्हणत्यात, कसातरीच येतो. आता कसातरी म्हंजे कसा? बाईमाणसाचा कान चुलीपुढं तयार झालेला असतो. भात बुडाला लागायच्या आधी तिला कळतं." हे मत आमच्या भिंगार गावभर झाले होते. बाजारात लोक हसायचे. पण लढाईच्या दिवसांत नवी मोटार मिळत नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते आणि जुनी गाडी जुन्याच सामानात उभी करणारा माणूस दुसरा नव्हता, म्हणून हसून झाले की गाडी त्यांच्याकडेच आणायचे.

सुट्या भागांच्या जागी मामा माझे स्वयंपाकघर वापरत. पाण्याच्या टाकीला बारीक भोक पडले की त्यात मूठभर हळद टाकायची; ती फुगते आणि भोक बुजवते. पेट्रोलची टाकी पाझरली की तिथे धुण्याचा साबण चोळून बसवायचा. तेलाने बरबटलेले प्लग माझ्या चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजून निघायचे, शेजारीच भाकरी. एकदा भाकरीला पेट्रोलचा वास लागला. आमच्या यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि पुढे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही फार बोलत नसत, त्यामुळे मला चौथ्या दिवशी कळले.

सासूबाई होत्या तोवर हळदीची पुडी मामांच्या हातात द्यायची नाही, भिंतीवर ठेवायची, असे होते. मामा ख्रिस्ती. मी ठेवायची, ते उचलायचे. सासूबाई गेल्यावरही माझा हात भिंतीपर्यंतच जायचा. मामांनी त्याबद्दल कधी काही म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट ते कधी म्हणाले नाहीत. लहानपणापासून मला सगळ्यांनी 'मोठ्याने बोल' म्हणून सांगितले आहे. चौथीत असताना मास्तरांनी, लग्नात भटजींनी, नंतर घरात सगळ्यांनी. माझा आवाज निघतच नाही. एक याकोबमामाच असे होते की त्यांना माझे बोलणे पहिल्या खेपेलाच कळायचे. मला वाटायचे, काय सभ्य माणूस आहे, किती लक्ष देऊन ऐकतो.

एके सकाळी ते पाठमोरे बसून नळी साफ करत होते. मी भिंतीवर हळद ठेवून म्हटले, "मामा, ठेवलीय." मग पुन्हा म्हटले. तेवढ्यात माझ्या हातून पितळेचे पातेले फरशीवर पडले आणि गडगडत रांजणापर्यंत गेले. समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. मामा नळीत फुंकर मारत होते.

त्यांनी वळून मला पाहिले आणि त्यांना कळले की मला कळले. ते भिंतीपाशी आले.

"छावणीच्या कारखान्यात तीस वर्सं इंजिनं तपासली. त्यात कान गेले," ते हळू बोलले. "साहेब सगळ्यांचे कान तपासनार असं निघालं, तवा मीच काम सोडलं. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आनंल? कुनाला सांगू नका, सूनबाई. ह्येच्यावर माझं पोट हाय."

मी मान हलवली. न बोलणे हे काम मला जमण्यासारखे होते.

तेव्हापासून मी आवाज जास्त नीट सांगू लागले. मामांची बायको राहेलबाई आदल्या वर्षी गेली होती, मूलबाळ नव्हते. आता त्यांच्या भाकरीत माझे कान आहेत याची मला भीती वाटायची, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही. रस्त्यावरून गाडी गेली की मी पिठाच्या हातानेच मनात म्हणायची, हिचा पट्टा ओल्या पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा कुईकुई करतोय.

मामांकडे सगळ्यात जास्त यायची ती डॉक्टरीणबाईंची गाडी. बाई स्वतःचा दवाखाना चालवत आणि खेड्यापाड्यांत जात. त्यांचा ड्रायव्हर कोंडिबा, पन्नाशीचा, घरात सहा खाणारी तोंडे. त्याचे आणि मामांचे पटल्याचे मी पाहिले नाही.

"कोंडिबा, गाडी हाकतोस का म्हस?"

"म्हस बरी, मामा. दूध तरी देती. तुमच्या हातची गाडी नुसतं पानी पिती."

"पानी न्हाई, हळदीचं पानी. नवरीवानी ठेवलीय तिला."

"म्हनून रोज माहेरी येती व्हय."

कोंडिबा थापाड्या होता. महिन्यापूर्वी गाडीखाली कोंबडी मेली तेव्हा त्याने देवाची शपथ घेऊन सांगितले होते की कोंबडीच जीव द्यायला आली. बाईंनी कोंबडीचे पैसे भरले आणि त्याला बजावले, आणखी एक चूक झाली तर घरी बसशील.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. रोज कुठल्यातरी वाडीतून माणूस यायचा, बाई रोज निघायच्या. एका सकाळी निघतानाच गाडी तापली आणि त्यांनी ती मामांच्या अंगणात घातली. मी भिंतीपाशी गेले. पट्टा सरकत होता, मी तसे सांगितले. कोंडिबाने गाडी बंद केली. मामा झाकणाखाली वाकले आणि पंख्याजवळ हात घालून पट्टा ताणू लागले. बाई माझ्या समोरच्या ओट्यावर बसून औषधाच्या बाटल्या मोजत होत्या. उशीर होत होता. कोंडिबा आत बसला आणि म्हणाला, "मामा, हात काढा, चालू करतो."

त्याने हाक मारली. मी ऐकली. मामांचे तोंड इंजिनात होते. त्यांना ऐकू गेले नाही हे त्या अंगणात मला एकटीलाच ठाऊक होते. मला 'थांबा' म्हणायचे होते. मला तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पंखा फिरला.

उजव्या हाताची दोन बोटे गेली. बाईंनी तिथेच, ओट्यावर बसवून, जखम बांधली. पट्टी झाल्यावर बाई उठल्या.

"न सांगता गाडी चालू केलीस?"

"हाक मारली, बाई. देवाशपथ."

"तुझी शपथ मला माहीत आहे. हाक मारली असती तर या माणसाने हात काढला नसता?" त्यांनी आजूबाजूला पाहिले. गल्ली जमली होती, आमचे हेही दारात येऊन उभे होते. "कुणी ऐकली का याची हाक?"

बाईंची नजर माझ्यापाशी थांबली. मी सगळ्यांत जवळ होते. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न असा होता की मग मामांनी का नाही ऐकली. मी स्वतःला तेव्हा हेच सांगितले, की मामांसाठी गप्प राहिले. पण ते तेवढे खरे नाही. वीस माणसे बघत होती आणि माझी मान खाली गेली.

"किल्ली ठेव," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

कोंडिबाने किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. त्याने पागोटे काढले आणि पुन्हा डोक्यावर बसवले. मामा इतका वेळ आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. किल्ली दिसल्यावर त्यांना कळले.

"बाई," ते म्हणाले, "त्यानं मारली असंल हाक. मला ऐकू येत न्हाई."

"आत्ता चक्कर आली म्हणून?"

"न्हाई. दोन वर्सं झाली."

बाई सावकाश त्यांच्या पाठीमागे गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "याकोब." मग आणखी मोठ्याने. मामा कोंडिबाकडेच बघत होते. म्हणाले, "उचल की किल्ली. उभा काय ऱ्हायलास म्हशीवानी."

कोंडिबाने किल्ली उचलली.

मामांनी म्हटले होते तसेच झाले. बाईंची गाडी नगरच्या कारखान्यात जाऊ लागली, मग कंत्राटदाराची, मग बाकीच्यांची. गल्लीतली माणसे आता मामांशी ओरडून आणि हातवारे करून बोलत, जणू त्यांची अक्कलही गेली. कोंडिबा दारावरून जाताना सवयीने भोंगा वाजवायचा. मग त्याच्या ध्यानात यायचे. तो गाडी थांबवून खाली उतरायचा, मामांसमोर उभा राहून दोन शिव्या द्यायचा आणि निघून जायचा. मामा त्याच्या ओठांवरून त्या ओळखायचे आणि उलट दोन द्यायचे. दिवसभरात त्यांचे बोलणे तेवढेच.

मला भिंतीवरून हाक येईनाशी झाली. पंधरा दिवसांनी एका दुपारी मी भाकरी घेऊन पुढच्या बाजूने त्यांच्या दारात गेले. पहिल्यांदाच. ताट त्यांच्या हातात दिले. मग खाली बघत म्हटले, "मामा, मला एक सांगायचंय."

"तोंड वर करा, सूनबाई. मला दिसंना."

मला वर करता येईना. कोनाड्यात सामानाच्या याद्या करायचा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा होता. माझे अक्षर चौथीतले आहे, मोठे मोठे. मी लिहिले: कोंडिबाने हाक मारली होती. मी ऐकली होती. मी बोलले नाही.

त्यांनी कागद डाव्या हातात धरून पुष्कळ वेळ वाचला. मला वाटले, आता जा म्हणतील.

"तुमी बोलला असता तरी बोटं गेलीच हुती," ते म्हणाले. मग कागद हलवून म्हणाले, "पन हे पुरतं कळलं बघा. दोन वर्सं लोकांच्या तोंडाकडं बघतोय. निम्मं कळतं, निम्मं मनानं लावायचं. राहेल जाताना काय बोलली, तेबी मनानंच लावलंय."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"लिहा की अजून."

मी मान वर करून विचारले, "काय लिहू?"

"कायबी. आज काय रांधलं ते लिहा."

मी लिहिले: पिठले. मीठ जास्त झाले.

त्यांनी ते वाचले, ताटातला घास खाऊन पाहिला आणि मान डोलावली. "मंग घरधनी काय म्हनले?"

मी लिहिले: काही नाही. ते काहीच म्हणत नाहीत. मी पण म्हणत नाही.

मामांनी ते दोनदा वाचले. मग ताट बाजूला ठेवले, कागद उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली.