सरासरी चौदा

"पाच वर्षांखालची पोरं किती गो आत्ये घरात?" अश्वजितने फोनवर विचारलं.

"दोन," जानकीबाई म्हणाल्या.

"आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाया?"

"आमच्यात कुठली आली बाई? सून कळंबोलीला नाय का!"

महाडच्या खोलीत पंख्याखाली बसून अश्वजितने ‘मुलं दोन, बाया नाहीत’ असं टिपलं आणि पुढच्या घराला फोन लावला. बाईच नाही त्या घरात पोरं आली कुठून, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. पण अश्वजित कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. त्याला एका घराशी कर्तव्य नव्हतं, त्याला अख्खी वाडी हवी होती.

आणि घाईही होती. कापडे गावाजवळच्या त्यांच्या बौद्धवाडीतली अंगणवाडी बंद व्हायला आली होती. पटावर एकच मूल उरलं होतं. मुख्यसेविका महरुन्निसा मॅडम म्हणाल्या होत्या, "पुढं मुलं होतील असा काही अंदाज असेल तर द्या. नाहीतर पऱ्याचं पाणी ओलांडून पलीकडच्या अंगणवाडीला जोडावी लागेल."

अश्वजितचा जीव त्या एका खोलीत अडकला होता. त्याच्या लहानपणी तिच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. घरी जाताना एका पायात आपली चप्पल आणि दुसऱ्या पायात जी मिळेल ती. पुढचे चार दिवस वाडीभर चपलांची अदलाबदल चालायची आणि त्या निमित्ताने आयाबायांच्या गप्पा. आता दारात एकच जोड असायचा. तो कधीच बदलायचा नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

जन्माच्या नोंदी काही कामाच्या नव्हत्या. बाळंतपणं एकतर माहेरी होत, नाहीतर मुंबईकडे. म्हणून त्याने सोपी रीत धरली: लहान मुलांना बायांनी भागायचं आणि साताने गुणायचं, की एका बाईमागे आयुष्यात किती मुलं याचा अंदाज येतो. वाडीत मुलं निघाली सहा, बाया तीन. उत्तर आलं चौदा.

उत्तर जरा मोठं होतं खरं, पण अंगणवाडीच्या फायद्याचं होतं. फायद्याचं उत्तर कोण परत तपासतो? त्याने ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "अहो सर, तुमच्या वाडीत बाईमागे चौदा मुलं? मी शनिवारी आरोग्य केंद्राच्या सिस्टरना घेऊन येते. या आयांना आधी तपासायला हवं!"

बातमी वाडीत पोचली आणि तासाभरात दीक्षाचा फोन आला. वाडीतल्या तीन बायांपैकी ती एक, नवीन सून.

"भावजी, माझ्या लग्नाला दोन महिने झालेत. माझी चौदा कधी झाली वो? सासूबाई सकाळपासून माझ्याकडं बघून हसतायत!"

आता अश्वजितच्या डोक्यात उजेड पडला. तो धावतपळत वाडीत आला. "आत्ये, तुझी नातवंडं कळंबोलीला असतात ना? मग इथं कशी मोजलीस?"

"नातवंडं घरचीच की रे! ती कुठं का असंनात."

"मग सून?"

"ती मुंबईची."

बाकीच्या घरांतही हाच हिशेब झाला होता. आता मॅडमना दाखवायची कुठली पोरं? अश्वजित कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. जानकीबाईंनी मात्र कळंबोलीच्या लेकाला फोन लावला. "नाना, अंगणवाडी जाते रे आपली. तू शिकलास ती. शनिवारी मोजणी हाय, पोरांना घेऊन ये. रजा नाय बिजा नाय, सांगून ठेवते."

बाकीच्या घरांतूनही असेच फोन गेले. शनिवारी सकाळी वाडीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली. पोरं आली, पण पोरांबरोबर त्यांच्या आया आल्या, मावश्या, नणंदा आणि कॉलेजातल्या पोरीही आल्या. अंगणवाडीच्या दारात चपलांचा ढीग पडला. तो बघून अश्वजितला क्षणभर मोजणीचा विसरच पडला.

मॅडमनी मोजलं. मुलं सहाच, बाया चोवीस. अश्वजितने ओशाळून गणित केलं. पावणेदोन.

"चौदाचे पावणेदोन?" असं म्हणत मॅडमनी एका पोराला जवळ घेतलं. "बाळा, तू कुठं राहतोस?"

"कळंबोली. आजी बोलली, सांगू नको."

जानकीबाई छपराकडे बघू लागल्या. मॅडमना मात्र हसू आवरेना. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"माझी आई महाडात बसून माझ्या भावाची कतारमधली पोरं मोजते. ईदला त्यांच्या नावाच्या शीरखुर्म्याच्या वाट्या भरून ठेवते. मग त्या मलाच संपवाव्या लागतात." त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. "आज काही ठरवत नाही मी. अंगणवाडी तूर्त चालू राहू दे. तीन महिन्यांनी परत मोजू."

अश्वजितचा जीव भांड्यात पडला. नानाने टाळ्या वाजवल्या, दीक्षा चहा टाकायला पळाली. जानकीबाईंचा चेहरा मात्र उतरला. कडेवरच्या नातवाला त्यांनी घट्ट धरलं.

"तीन महिने?" त्या म्हणाल्या. "येवढं लांब कशाला गो बाय? पुढच्याच महिन्यात मोजा की!"