थोरल्या नाकेदारांची हरकत

जव्हार संस्थानच्या सूर्यमाळ जंगलनाक्यावर सखाराम नाकेदार रुजू झाला, त्या दिवशी भर दुपारी धुकं खिडकीतून आत येत होतं. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती. थोरले नाकेदार दोन महिन्यांपूर्वी तिच्यातच बसल्या बसल्या वारले होते.

सखाराम बोलायला भारी मऊ. शिपायाला म्हणाला, "मंगळू, तुला सवड असली, आणि हरकत नसली, तर शिक्क्याची पेटी उघडून देशील का?"

"नाय. थोरल्या सायबांचा हुकूम हाय. मी सांगल्याबिगर पेटी उघडायची नाय, असं बोलले व्हते."

"अरे, पण ते गेले."

"ते गेले. हुकूम कुठं गेला?"

झाली का पंचाईत! बांबूंची मोजदाद शिक्क्यानिशी आजच जव्हारला धाडायची होती. जासूद दारात खोळंबला होता. तो रिकामा परतला की सखारामची नोकरी गेलीच, आणि ती तर सहा वर्षं उंबरे झिजवून मिळालेली.

शेवटी मंगळूच पाड्यावरून बुध्या भगताला घेऊन आला. भगत खुर्चीपुढं सूप मांडून बसला आणि तांदळाच्या पुरचुंडीची गाठ दातांनी सोडू लागला.

"ज्याचा हुकूम, त्यानंच मागं घ्यायचा," मंगळू म्हणाला. "तुमी इचारा."

सखारामनं हात जोडले. "साहेब, तसदी देतोय, क्षमा असावी. सवड झाली, आणि मनात आलं, तर..."

"बघू," खुर्चीकडून घोगरा आवाज आला.

सखारामच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी त्यानं पुन्हा विनवलं, आधीपेक्षाही लोण्यात घोळवून.

"उद्या या."

हे मात्र फार झालं. सहा वर्षं हेच ऐकून त्याचे कान किटले होते, आता मेलेल्यानंही तेच ऐकवावं? भीती गेली चुलीत.

"उद्या नाही," त्यानं ठणकावलं. "पेटी आज उघडायची आहे. हुकूम मागं घ्या आणि खुर्ची रिकामी करा."

खुर्ची करकरली. धुक्याचा एक लोट दाराबाहेर गेला. मंगळूनं निमूट पेटी उघडली, कागदावर शिक्का बसला, जासूद वाटेला लागला.

सखारामनं घाम पुसला. "बुध्या, आवाज बाकी झकास काढलास."

भगतानं दातांतली पुरचुंडी काढली. "मी? माझी तं गाठच सुटली नाय अजून."

सखाराम मटकन खुर्चीत बसला. खुर्ची ऊन होती. तो ताडकन उठून उभा राहिला.

तेवढ्यात दाराबाहेरच्या धुक्यातून आवाज आला, या खेपेला भारी मऊ.

"बसा ना, साहेब. आमची काही हरकत नाही."