भूक ओळखणारे शेळकेकाका

शेळकेकाकांच्या घरी पोहे चार हप्त्यांत मिळायचे. चमचाभर देऊन काका समोर बसत आणि आपल्या तोंडाकडे बघत राहत. बशी चाटूनपुसून झाली, की पुन्हा चमचाभर. पोट भरतंय असं वाटायच्या आत बशी उचललेली असे. पडेगावात नवीन आलेले लोक त्यांना कंजूष समजत. आम्ही जुने शेजारी घरून खाऊन जायचो.

दोष लेप्यांचा. काकांची सगळी नोकरी कोकणात, लेपा नावाचा चपटा मासा पाळणाऱ्या केंद्रावर गेली. काम एकच, टाक्यांत खाद्य टाकणं. "लेपा तळाला गपगार पडून ऱ्हातो," काका सांगत. "पोट रिकामं व्हायच्या आत टाकलं, तर तोंड फिरवतो. लई उशीर केला, तर वाढ खुंटती. भुकेची वेळ हेरायची, बस्स!" समुद्र न पाहिलेल्या आमच्या गल्लीला हे तोंडपाठ होतं. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी जिलेबीचा आग्रह करणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या हातातलं ताटच काढून घेतलं. "पाव्हण्याला भूक लागू द्या की जरा!" मेहुणा अजून फुगलेला आहे.

मागच्या वर्षी काकू आजारी पडल्या आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. नातेवाईक डबे घेऊन येत, 'माझ्यासाठी एक घास' म्हणत मागे लागत. काकू तोंड मिटून घेत. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आपली पद्धत सुरू केली. दोन चमचे मऊ भात, मग थांबायचं. काकूंचे गाल जरा भरले, तेव्हा काका गल्लीभर सांगत फिरले, "वाढ धरली!"

ते टिकलं नाही. काकांनी वेळा जवळ आणून पाहिल्या, लांब नेऊन पाहिल्या. काकू नुसती मान हलवत. "नाय वो, भूकच नाय." एकदा वाटी हातात धरून काका मला म्हणाले, "हिची वेळच सापडंना, मास्तर." महिन्याभरात काकू गेल्या.

दहाव्याला आम्ही कायगावला गोदावरीवर गेलो. पिंड ठेवून मागे सरलो. कावळा कधी कधी ताटकळत ठेवतो, म्हणून मी सावली शोधत होतो. पण आमची पाठ वळते न वळते तोच कावळा उतरला आणि पिंडावर तुटून पडला.

"लगेच शिवला! काही इच्छा राहिली नव्हती," म्हणत सगळ्यांनी हात जोडले.

काकांनी जोडले नाहीत. इतके दिवस कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून वाहू लागले. कावळ्याकडे बघत ते म्हणाले, "एवढी भूक व्हती तुला? मग मला का नाय म्हणत व्हतीस?"