आक्षेपार्ह मजकुराचं रीतसर वाटप

गावाची शांतता फार नाजूक असते. म्हणून सरकार ती कागदात गुंडाळून ठेवतं.

बिदरकडच्या एका गावात २०१२ साली रुद्रम्माच्या थोरल्या पोरानं, श्रीशैलनं, धर्मरक्षण हाती घेतलं. काम बसूनच करायचं होतं. भीमनगरातली संध्या शाळेत दुपारचं जेवण रांधायला लागली होती. तिच्या हातचं खाल तर काय काय होईल, ते त्यानं मोबाईलवरून फेसबुकवर टाकलं. (मजकूर आक्षेपार्ह असल्यानं इथं देता येत नाही.) गावात इंटरनेटचे मोबाईल अकरा, रेंज चौघांना. धर्म चार जणांपर्यंत पोचला.

"काय करायलास रे?" रुद्रम्मानं विचारलं.

"धर्म वाचवायलोय, अव्वा."

"शेळ्या सकाळपासून तहानल्यात. आधी त्यास्नी वाचव."

संध्यानं तक्रार दिली. तिला फक्त काम टिकवायचं होतं. शाळेत साठ ताटं उठत, आणि ताटं घटली की रांधणारी घटते, असा नियम.

कायदा तडक हलला. पुराव्यासाठी मजकूर बिदरहून छापून आला. पारावर पंचनामा झाला. पंचांना वाचता येईना, म्हणून तो मोठ्यानं वाचला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा वाचला. कोर्टासाठी त्याचं कन्नड केलं, त्यामुळं कन्नड घरांचीही गैरसोय टळली. शेवटी श्रीशैलचा माफीनामा पंचायतीच्या फळ्यावर लागला. आणि माफी नेमकी कशाची, हे जनतेला कळावं म्हणून शेजारी मूळ मजकूरही लागला. चाराचे नऊशे झाले. श्रीशैलला एकट्याला हे जन्मात जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताटं सात, तीही भीमनगरातली. आठवड्यानं संध्याला घरी बसवलं. वादाचं कारणच शाळेत उरलं नाही, सबब वाद मिटला, असा अहवाल झाला. शांतता समितीतल्या वडीलधाऱ्या बाई म्हणून तो रुद्रम्माच्या ओसरीवर सहीला आला.

"अक्का, सही करा. शांतता झाली," फौजदार म्हणाले.

"माझ्या पोराला धरलं कामून न्हाई?"

"त्यानं माफी मागितली की."

"कुणाची?"

फौजदारांनी फाईल चाळली. (माफीनामा फौजदारांच्या नावे होता.)

"साहेब," रुद्रम्मा म्हणाली, "पोरगं माझं, लाज मला. पण त्याचं चौघांनी वाचलं हुतं. तुमी तर आंधळ्या-बहिऱ्यालाबी सोडलं न्हाई. मला लिवता येतात ती माझ्या नावाची तीन अक्षरं. ती असल्या कागदावर घालायची न्हाई मी."

तिनं पेन परत दिलं आणि शेळ्यांकडं गेली. फौजदारांनी रिकाम्या जागेवर शेरा मारला : 'सदस्या निरक्षर.' फाईल बंद झाली.

मजकूर इथं शेवटपर्यंत दिलेला नाही. पण काय होता म्हणून वाचता वाचता तुम्ही वर दोनदा पाहून आलात. हरकत नाही. नऊशे जणांच्या यादीत खाली जागा आहे. नाव घालून घ्या.