अब्बासचाचांचं बिस्कीट

अब्बासचाचांनी चहासोबत बिस्कीट दिलं, की सौदीतल्या आमच्या राबिघच्या कॅम्पात धडधाकट माणसं रडतात. एक आडदांड पंजाबी वेल्डर तर असा रडला, की त्याचा अर्धा प्यायलेला कप पुन्हा काठोकाठ भरला.

चाचा म्हणजे आमच्या मेसचे मुख्य आचारी आणि कॅम्पाच्या हॉकी संघांचे एकुलते एक निवडकर्ते. नव्या पोराला थोडे सामने पहिल्या संघातून खेळवायचं, मग चाचा त्याला चहाला बोलावणार. नुसता चहा आला तर पोरगा टिकला. बशीत बिस्कीट असलं तर रवानगी दुसऱ्या संघात. "खाली जातोय, निदान उपाशी नको जायला," हे चाचांचं धोरण.

पहिल्या संघाचे सामने शुक्रवारी, जेद्दात. चाचांनी त्यातला एकही पाहिलेला नाही. दाभोळच्या खाडीत होड्या हाकलेल्या या माणसाला बस लागते! मग निवड कशी करतात? पोरं जेवताना बघून. मासळीचे काटे ताटाच्या कडेला नीट लावतो, तो बचावाला. काट्यासकट गिळतो, तो फॉरवर्ड. सांगायला लाज वाटते, पण त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

म्हणून संदेशच्या बशीत बिस्कीट दिसलं, तेव्हा मेसमधला गळका नळसुद्धा गळायचा थांबला. संदेश पाइपफिटर, धोपाव्याचा, म्हणजे चाचांच्या खाडीच्या ऐन पलीकडचा. बांगडा डोक्यासकट खायचा. त्याच्या एका फटक्याने चेंडू तांबड्या समुद्रात गेला होता आणि कोळ्याने तो माशाच्या पोटातून काढून आणून दिला होता. पहिल्या संघाचा शर्ट घातलेला फोटो पोराने आईला पाठवूनही झाला होता. आता तो बिस्कीट हातात धरून नुसता बसला.

मी संघाचा मॅनेजर. तणतणत स्वयंपाकघरात शिरलो. पोराचं काय चुकलं म्हणून विचारलं. काही नाही, चाचा म्हणाले, खातो अगदी बरोबर. आणि कांदा चिरत राहिले.

"मग खाली कशाला?"

"शुक्रवारी तुम्ही सगळे जाता रे," ते कांद्याकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या संघातली पोरं इथंच असतात. तो येऊन बसला असता. फेरीबोटीच्या चार गोष्टी झाल्या असत्या."

"मग मी काय अरबी बोलतो?"

"तू घाटावरचा. आणि तू पण बसमध्येच असतोस."

मी बाहेर आलो.

पुढच्या शुक्रवारी बस सुटायच्या बेतात होती. चाचा नाकाला रुमाल लावून आले. एका हातात संदेशची बॅग, दुसऱ्या हातात संदेशचं मनगट. त्याला खिडकीशी बसवलं आणि घाईघाईने खाली उतरले.

"गोल किती झाले ते नको सांगू," ते खिडकीतून म्हणाले. "ते ही माकडं ओरडत येतीलच. काय जेवलास, ते येऊन सांग. मी जागा असतो."